तिपताईची भवानी

चांतिपकडून मी अठरा वर्षं अळंबी घेतली आणि अठरा वर्षांत एकदाही मोडून पाहिली नाहीत. त्या दिवशीही पाहणार नव्हते. एका पाहुणीला देठ आतून कसा असतो ते दाखवायचं होतं, म्हणून एक मोडलं, एवढंच.

याला आता बावीस वर्षं झाली. तिचा नवरा नान इन गेल्या थंडीत वारला. तो होता तोवर हे कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती.

त्या काळी आमच्या च्यांग माय शहरात स्वयंपाकाचे वर्ग असे गल्लोगल्ली झाले नव्हते. माझा वर्ग घराच्या मागच्या पडवीत भरायचा. सहा चुली, सहा दगडी खल आणि भिंतीवर नवऱ्याच्या हयातीतलं एक घड्याळ, जे दहा मिनिटं पुढे असायचं. सकाळी आठला पाहुण्यांच्या हातात एकेक वेताची टोपली द्यायची आणि त्यांना घेऊन देवळामागच्या बाजारात जायचं, हा माझा रोजचा नेम. बाजारावर तेव्हा पत्रा होता. जमीन मातीची होती. आत शिरलं की आधी गवती चहाचा वास यायचा, मग आंबवलेल्या माशांचा, मग ओल्या केळीच्या पानांचा. आता खाली फरशी आहे, वर पंखे आहेत आणि वास कशाचाच येत नाही.

तिसऱ्या खांबापाशी चांतिप, म्हणजे आमची तिपताई, बसायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. बाजारातल्या तरुण बायका तिला उय तिप म्हणायच्या, म्हणजे तिप आजी. अंगाने वाळकी, तोंडाने तिखट. डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर होतं. रानातून जे मिळेल ते ती आणायची: बांबूचे कोंब, आंबट पाला, लाल मुंग्यांची अंडी, आणि पावसाळ्यात अळंबी. जाणकार बायका तिच्याच अळंब्यांसाठी थांबायच्या. त्यातली पांढरी, अंड्याएवढी, नुकतीच जमिनीतून वर आलेली अळंबी म्हणजे आमच्याकडची चैन. पण तीच ओळखायला सगळ्यांत अवघड. त्यांची एक सख्खी बहीण रानात त्यांच्या शेजारीच उगवते. वरून तशीच पांढरी, तशीच गुळगुळीत.

दोन वर्षांपासून तिपताईच्या उजव्या डोळ्यात ढग आला होता. डाव्यातही येत होता. शस्त्रक्रिया कर म्हटलं की ती हात झटकायची.

"माझे डोळे बोटांत आहेत," म्हणायची. "अळंबं हातात घेतलं की मला त्याचं कूळ कळतं."

आणि आम्ही ते खरं मानायचो. तिला सोयीचं होतं, आणि आम्हालाही.

दुसरी गोष्ट भवानीची. आमच्या बाजारात सकाळची पहिली विक्री म्हणजे दिवसाचा शकुन. पहिल्या गिऱ्हाइकाने घासाघीस करायची नाही, हातात घेतलेली वस्तू परत ठेवायची नाही, खोड काढायची नाही. विकणारी ती पहिली नोट घेऊन सगळ्या मालावरून थापटत जाते, "चल, चल, खप, खप," असं पुटपुटत. पहिलं गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलं तर बाई दिवसभर उदास बसते, आणि खरंच तिचं काही खपत नाही. तिपताईची भवानी माझ्याकडे होती. माझा हात चांगला आहे असं तिने ठरवून टाकलं होतं. मी येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला काही देत नसे.

त्या दिवशी माझ्याबरोबर चौघं होती. एक नवं लग्न झालेलं जोडपं, सारखे फोटो काढणारा एक उंच गृहस्थ, आणि मार्गिट. मार्गिट हंगेरीची, चाळीस वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झालेली. रुंद खांदे, पांढरे आखूड केस. ती फोटो काढत नव्हती. ती बघत होती.

"आलीस का एकदाची, लाय!" तिपताई लांबूनच ओरडली. "माझ्या मांड्या आखडल्या वाट बघून. आत्ता एक शहरी बाई येऊन गेली. तिला म्हटलं, अजून मांडायचंय."

"खोटारडी! सगळं मांडून झालंय."

"मग काय तिच्या हातची भवानी घेऊ? तोंड बघितलं असतंस तिचं, चिंच चघळल्यासारखं." मग तिने मान तिरकी करून, डाव्या डोळ्याने माझ्या पाहुण्यांना न्याहाळलं. "ही म्हातारी माझ्याच वयाची दिसते. विचार तिला, दात स्वतःचे आहेत का."

"काय म्हणतात त्या?" मार्गिटने विचारलं.

"विचारतात, रात्री झोप लागली का," मी म्हटलं.

शेजारी केळफुलं विकणारी वानपेन खो-खो हसली. तिला आमचा हा खेळ रोजचाच होता.

तिपताईने केळीच्या पानावरचं ओलं फडकं बाजूला केलं. पांढऱ्या अळंब्यांचा ढीग. त्या पावसाळ्यातला सगळ्यांत मोठा.

"नवी जागा सापडलीय," ती कुजबुजली. "ओढ्यापलीकडे, मोठ्या यांग वृक्षाखाली. कुणाला सांगणार नाही. तुलाही नाही."

"मला कशाला हवीय तुझी जागा? मी काय गुडघे मोडून रानात फिरणार आहे?"

नोट मी तिच्या हातात आधीच ठेवली होती. तिपताई ती ढिगांवरून थापटायला लागली. आंबट पाल्यावर, मिरच्यांवर, अळंब्यांवर. "चल, चल, खप, खप." मी तेवढ्यात एक अळंबं उचललं आणि मार्गिटकडे वळले. पाहुण्यांना मी नेहमी सांगायचे की चांगल्या अळंब्याचा देठ आतून पोकळ असतो, भाताच्या काडीसारखा. सांगायचे फक्त, दाखवायचे नाही. त्या दिवशी मार्गिटने बोट पुढे करून म्हटलं, "दाखवा."

मी देठ मोडला. आत पोकळी नव्हती. मेणबत्तीसारखा घट्ट, पांढरा.

मी दुसरं मोडलं. पोकळ. तिसरं मोडलं. भरीव. एक अळंबं जरा उमललेलं होतं, त्याची कड बोटाने चाचपली. चांगल्याच्या कडेला बारीक रेघा लागतात. याची कड साफ होती.

माझ्या आईच्या माहेरचं गाव डोंगरापलीकडे. मी सात वर्षांची असताना तिथे माझ्या मामाच्या घरात तीन माणसं गेली. मामा, मामी आणि मामीची आई. अळंबी खाल्ल्यावर रात्री उलट्या सुरू झाल्या, दुसरा दिवसभर चालल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघंही बरी झाली. आई सांगायची, "तुझी मामी उठली, तिने केस विंचरले, अंगण झाडलं, मला म्हणाली, भूक लागलीय गं." गावाने देवळात फुलं वाहिली. त्याच रात्री तिघांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. आई हे आयुष्यभर सांगत राहिली, आणि दर वेळी उलट्यांवर नव्हे, अंगण झाडण्यावर येऊन तिचा आवाज बसायचा.

हे सगळं मला तिथे, तिसऱ्या खांबापाशी, एका श्वासात आठवलं. समोर तिपताई नोट थापटत होती. वानपेन बघत होती. चार परदेशी माणसं बघत होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ताई, यात वाईट आहेत. पण मी तिची भवानी होते. आणि जी बाई म्हणते माझे डोळे बोटांत आहेत, तिला भर बाजारात, सकाळच्या पहिल्या नोटेवर, तू आंधळी झालीस असं सांगायचं कसं? त्या दिवसानंतर तिच्याकडून कुणी अळंबं घेतलं नसतं. पालाही नसता घेतला.

"सगळीच दे," मी म्हटलं.

"सगळी? चौघांना?"

"उद्याही माणसं आहेत."

"बघ, बघ वानपेन!" तिचा चेहरा फुलला. "हिचा हात! साडेआठ वाजलेत आणि माझी टोपली मोकळी!" तिने वरून मूठभर आंबट पाला टाकला. "हा फुकट. नीट रांध गं. त्यांच्यासाठी नारळाचं दूध ओतून वाट नको लावूस."

मी हसले. मोडलेले तुकडेही मी उचलून पिशवीत टाकले. जमिनीवर एकही राहू नये म्हणून वाकून पाहिलं. वर बघितलं तर मार्गिट माझ्या हातांकडे पाहत होती.

घरी आल्यावर मी पाहुण्यांना मिरची-लसूण कुटायला बसवलं आणि ती पिशवी घेऊन मागे गेले. केळीखाली हातभर खड्डा खणला, पिशवी रिकामी केली, वर माती, मातीवर दगड. हात राखेने घासले, परत घासले. वर्गात त्या दिवशी आम्ही पेंढ्यावर वाढवलेली अळंबी वापरली, बाजारातून निघताना दुसरीकडून घेतलेली. जोडप्याने एकमेकांना भरवलं. उंच गृहस्थाने ताटाचे वीस फोटो काढले.

मार्गिट जेवण झाल्यावर थांबली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं होतं, म्हणून आमचं बरं जमत होतं.

"सकाळची अळंबी कशातच नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"विषारी?"

मी मान डोलावली.

"आणि तुम्ही ते त्यांना सांगितलंत?"

"मी सगळी घेतली. आता ती कुणाच्या पोटात जाणार नाहीत."

"हो, ते मी पाहिलं. पण त्यांना सांगितलंत का?"

"उद्या. ती एकटी असताना."

"उद्या का? आज का नाही?"

आमच्या भाषेत त्यासाठी एक शब्द आहे, समोरच्याचं मन जपण्याचा. तो आम्हाला रांगायच्या आधी शिकवतात. तिच्या भाषेत तो कसा सांगणार? मी तिला विचारलं, भात अजून घेणार का? तिने नको म्हटलं. निघताना तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, नाडी बघावी तसे, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दक्षिणेला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अर्धा तास आधी, पाहुण्यांना न घेता बाजारात गेले. वाक्य पाठ केलं होतं. ताई, तुझी बोटं थकलीत गं, आता अळंबी सोड, पाला विक. हसत म्हणायचं, म्हणजे लागणार नाही.

तिसऱ्या खांबापाशी कुणी नव्हतं. आदल्या दिवशीचं केळीचं पान वाळून गुंडाळलं गेलं होतं.

"उय तिप नाही यायची आज," वानपेन म्हणाली. "काल तूच तिची टोपली रिकामी केलीस ना? नऊला उठली. मला म्हणते, लायने एक अळंबं सोडलं नाही, म्हणजे जागा सोन्याची आहे. पुन्हा रानात गेली, त्याच झाडाखाली. म्हणाली, टोपलीतली सगळी विकली, आता घरच्यासाठी आणते. आज लोळत पडली असेल पोट भरून."

मी तिथेच उभी राहिले. बाजाराचा आवाज लांब गेला.

आता विचार केला की वाटतं, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. पण मी स्वतःला काय काय सांगितलं, तेही आठवतं. की तिपताई अळंबी स्वतः कधी खात नाही, विकते. की नान इनला सांधेदुखी आहे, तो अळंब्याला शिवत नाही, मग एकटीसाठी ती कशाला रांधेल? की ती उद्या तीच अळंबी घेऊन येईल आणि मीच तर तिची भवानी आहे, पुन्हा सगळी घेईन. की सहा पाहुणे दाराशी येऊन थांबले असतील. डोंगराकडे जाणारी भाड्याची लाल गाडी दुपारी एकच असायची. वर्ग संपला तेव्हा पाऊस लागला होता. ती गाडी मी घेतली नाही. खरं सांगते, रिकामी जागा पाहून मला हायसं वाटलं होतं. ते वाक्य एक दिवस पुढे गेलं होतं.

त्या दिवशी पाहुण्यांना शिकवताना मी माशांचं खारं पाणी दोनदा घातलं. एक मुलगी म्हणाली, खारट झालंय. मी म्हटलं, असंच असतं.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन बाजारात शिरले तर वानपेन उठून सामोरी आली. हसत होती.

"अगं लायमावशी, परवा रात्रीपासून उय तिपचे हाल झाले होते. उलट्या, जुलाब, काय विचारू नकोस. काल संध्याकाळी नान इन येऊन मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन गेला. शिळं मांस खाल्लं असेल म्हणाला. पण आता बरी आहे हं! आमचा भाचा सकाळी तिकडून आला, म्हणाला, म्हातारी अंगण झाडत होती. उद्या येते म्हणाली. आणि निरोप दिलाय, लायला सांग, माझी भवानी राखून ठेव."

माझ्या हातातली टोपली खाली पडली.

"काय झालं? अगं, बरी आहे ती!" वानपेन म्हणाली. "बरी आहे म्हणतेय ना मी?"

पाहुण्यांना मी तिथेच, केळफुलांसमोर सोडलं. आयुष्यात एकदाच मी असं केलं. एका लाल गाडीवाल्याला सांगितलं, दुसरं कुणी घेऊ नकोस, मला सरळ डोंगराकडे ने. वाटेत त्याने विचारलं, कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, बरं वाटतंय तिला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

ती खरंच झाडत होती. बांबूच्या लांब खराट्याने, वाकून, सावकाश. अंगणात एक पान उरलं नव्हतं, तरी ती झाडत होती. गाल बसले होते, पण डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला आणि ओठावर पानाची लाली.

"बाई गं! शहराची राणी माझ्या दारात?" ती ओरडली. "पाहुणे कुठायत तुझे? की आता माझ्या घरचा बाजार दाखवायला आणणार आहेस?"

"ताई, खराटा ठेव. बस."

"बसू कशाला? दोन दिवस बसूनच होते, तेही कुठे ते विचारू नकोस." ती हसली. "पोटातलं सगळं गेलं बघ. आता अशी हलकी वाटतेय, सोळा वर्षांची. भूक लागलीय गं."

मी वर घराकडे पाहिलं.

"नान इन कुठे आहे?"

"देवळात. मी बरी झाले म्हणून फुलं घेऊन गेलाय. म्हातारा घाबरला होता, मला फार बरं वाटलं ते बघून." तिने खराटा खांबाला टेकवला आणि माझा हात धरला. तिचा हात थंड होता. "चल वर. तुझ्यासाठी ठेवलंय काहीतरी."

चुलीवर मातीचं भांडं होतं. तिने झाकण काढलं, वाटीत ओतलं, माझ्यासमोर ठेवलं. आंबट पाला, लाल मिरची, आणि त्यात पांढरी अळंबी, अर्धी चिरलेली. देठ भरीव. रश्श्यात तांदळाचे चार-पाच दाणे तरंगत होते. आमच्याकडे बायका अळंब्यांबरोबर तांदूळ उकळतात. दाणा काळा पडला तर विष, पांढरा राहिला तर खा. माझी मामीही तेच करायची.

"दाणे बघ, कसे मोत्यासारखे आहेत," तिपताई म्हणाली. "परवा रांधलं. रोज उकळी देऊन ठेवलं, तुझ्या वाट्याचं. मी खाल्लं त्याच रात्री त्या मेल्या मांसाने दगा दिला, नाहीतर कालच घेऊन आले असते बाजारात. म्हटलं, लाय एवढी सगळी घेऊन गेली पण ती काय खाणार, सगळं परदेशी माणसांच्या पोटात. तिला तिच्या वाट्याचं नको? घे. अजून गरम आहे."

मी वाटीकडे बघत राहिले.

"काय? आता आमच्या वाटीतलं चालत नाही? खालच्या बाजारात परदेशी लोकांबरोबर बसून तुझी जीभ बदलली का गं?"

"ताई."

"एक घास घे. माझ्यासाठी. मला बरं वाटेल."

वाटी परत सारायची नाही, हेही आम्हाला रांगायच्या आधी शिकवतात. मी ती दोन्ही हातांनी उचलली, खिडकीपाशी गेले आणि खाली चिखलात ओतली. मग भांडं उचललं आणि तेही ओतलं.

तिचा ढगाळ डोळा आणि जरा दिसणारा डोळा, दोन्ही माझ्यावर होते.

"देठ भरीव आहेत," मी म्हटलं. "सगळे नाहीत, पण आहेत. मांसाने नाही झालं ताई. आणि तू बरी झालेली नाहीस. आत्ता दवाखान्यात जायचंय, गाडी खाली उभी आहे."

"दाणे पांढरे होते."

"दाण्यांना काही कळत नाही."

तिने आपल्या हाताची बोटं एकमेकांवर घासली, अंगठ्याने प्रत्येक बोट, जणू काही चिकटलंय. बराच वेळ.

"तुला इथे येऊन कळलं?" तिने विचारलं. "वाटीत बघून?"

हो म्हणता आलं असतं. तिने मला ती वाट करून दिली होती, मला वाटतं मुद्दाम.

"नाही. परवा. बाजारात. तू नोट थापटत होतीस तेव्हा."

खाली गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला.

"म्हणून सगळी घेतलीस."

"हो."

"आणि मी समजले, जागा सोन्याची आहे." ती हसायला लागली. खरंच हसायला लागली, खांदे हलवून, रुमालाचं टोक तोंडाला लावून. "अगं वेडे, बोलली असतीस तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या. फार तर महिनाभर तोंड फिरवलं असतं. एवढंच ना?"

"भवानी होती तुझी."

"हो," ती म्हणाली. हसणं थांबलं. "भवानी होती."

तिने स्वतःच रुमाल सोडून नीट बांधला, पानाचा डबा घेतला, परत ठेवला. जिना उतरताना मी तिला धरायला गेले, तिने माझा हात बाजूला केला. वाटेत देवळापाशी नान इनला गाडीत घेतलं. त्याच्या हातात अजून फुलं होती, वाहायची राहिलेली. "काय झालं? ही तर बरी आहे ना?" तो विचारत राहिला. तिपताई त्याला म्हणाली, "लायला काळजी वाटते म्हणून चाललोय. शहरातली माणसं घाबरट असतात."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग मी चार वेळा पाहिला. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा तो पांढरा नव्हता.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने विचारलं, अळंबी कुठून आणली, अजून कुणी खाल्ली का, कुणाला माहीत होतं का? मी तोंड उघडलं. तिपताई माझ्या आधी बोलली. "मीच तोडली, मीच रांधली, मीच खाल्ली. हिने येऊन ओळखली, नाहीतर मी हिलाही वाढली असती." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाय, माझी जागा सोडू नकोस. त्या चिंचतोंड्या बाईला बसू देऊ नकोस तिथे."

तीन दिवसांनी ती गेली. नान इनने दहनाच्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले. तू होतीस म्हणून तिला वेळेवर दवाखाना तरी मिळाला, म्हणाला. मीही हात जोडले. पुढची एकवीस वर्षं तो दर नव्या वर्षाला माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधून आशीर्वाद देत राहिला, आणि मी मनगट पुढे करत राहिले.

चार-पाच महिन्यांनी हंगेरीहून एक कार्ड आलं. पुढच्या बाजूला बर्फातला पूल. मार्गिटने नारळाच्या रश्श्याची कृती मागितली होती आणि खाली, वेगळ्या शाईने, एकच ओळ होती. तुम्ही त्यांना सांगितलंत का?

कृती मी सविस्तर लिहिली. खाली लिहिलं, हो, सांगितलं. खोटं नव्हतं ते.

वर्ग मी पुढेही बारा वर्षं चालवला. पण बाजारात मी बदलले. मासळीचे डोळे बसले असले तर सांगायचे. मांसाला वास असला तर तिथेच, मोठ्याने, पहिली नोट असो की शेवटची. वस्तू उचलायचे, मोडून पाहायचे, परत ठेवायचे. एका सकाळी एक बाई रडली. हळूहळू बायका हुशार झाल्या. मी आजही भाजीला जाते, सोबत कुणी नसतं, काठी असते फक्त. दुरून मला बघून त्या टोपल्यांवर ओलं फडकं ओढतात. "मावशी, अजून मांडायचंय," म्हणतात. मी पुढे गेले की मागे फडकी निघाल्याचा आवाज येतो, आणि मग कुणीतरी दुसरं येतं, पहिली नोट पुढे करतं.

तिसऱ्या खांबापाशी कुणी बसत नाही. ती जागा मी सोडलेली नाही.